स्वस्तातली पहिली रोड बाइक कशी पारखावी

रोड बाइक घ्यायची म्हटलं की माणसं दोन गोष्टी आधी विचारतात: वजन किती आणि गिअर किती? हे दोन्ही आकडे माहितीपत्रकावर ठळक छापलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून तुलना करणं सोपं वाटतं. पण सुरुवातीच्या किमतीतली रोड बाइक चांगली की वाईट, हे त्या आकड्यांवरून फारसं कळत नाही. एवढ्या किमतीत सायकल बसवायची तर कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो कुठे घेतलाय हे शोधून काढणं, म्हणजेच सायकल पारखणं.

टायर साधे दिले असतील तर ते झिजल्यावर चांगले टाकता येतात. ब्रेकचे रबर तर दहा मिनिटांत बदलतात. पण फ्रेम मापाची नसेल किंवा मागचं हब, म्हणजे चाकाच्या मधला भाग, जुन्या पद्धतीचं असेल, तर पुढे त्यावर इतका खर्च होतो की तेवढ्यात वरची सायकल आली असती असं वाटायला लागतं. म्हणून प्रत्येक पार्टकडे बघताना एकच विचार करावा: हा नंतर बदलता येईल का, आणि सहज बदलता येईल का? जे बदलता येत नाही, ते आधी तपासायचं.

सगळ्यात न बदलणारी गोष्ट म्हणजे फ्रेमचं माप. फ्रेमवर ५२, ५४, ५६ असे आकडे असतात, पण एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ सारखी असेलच असं नाही. पूर्वी हा आकडा सीटच्या नळीच्या लांबीवरून यायचा. आता वरची नळी उतरती असते आणि तो आकडा नावापुरता उरला आहे. खरी तुलना करायची ती स्टॅक आणि रीच या दोन मापांची. पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे ते स्टॅक, आणि तेच टोक किती पुढे आहे ते रीच. समजा दोन्ही फ्रेम ५४ च्या आहेत. एकीचा स्टॅक ५४० मिमी, रीच ३८५. दुसरीचा स्टॅक ५६५, रीच ३७५. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण दुसऱ्या सायकलवर हँडल अडीच सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर जवळ येतं. दोन तास चालवल्यावर कंबर आणि मान हा फरक बरोबर सांगतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला उंच स्टॅकची फ्रेम बहुधा सोयीची पडते. कंपन्या तिला एन्ड्युरन्स म्हणतात. हँडल खाली-पुढे असलेल्या रेस फ्रेमवर हवेचा अडथळा कमी होतो हे खरं, पण त्यासाठी त्या वाकलेल्या स्थितीत तासन् तास राहता यायला हवं. ज्याला ते जमत नाही तो हँडलचा वरचा भागच धरून बसतो आणि खालचा बाक वापरातच येत नाही. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आडवा तुकडा, बदलून किंवा त्याखालच्या चकत्या वर-खाली करून एक-दोन सेंटिमीटरचा फरक जुळवता येतो. त्याहून जास्त फरक असेल तर ती फ्रेम तुमची नाही, मग रंग कितीही आवडलेला असो. दोन मापांच्या मधोमध अडकलात तर मी लहान फ्रेमकडे झुकायला सांगेन. स्टेम लांब करणं सोपं असतं, लांब फ्रेम आखूड करता येत नाही. मात्र लहान फ्रेमवर हँडल जास्तच खाली जात नाही ना, हे बसून बघायचं.

सीटच्या उंचीसाठी एक ढोबळ हिशेब आहे, तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने तो ओळखला जातो. अनवाणी उभं राहून दोन्ही पाय वर जिथे मिळतात तिथपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचं. ती ८० सेंमी असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंमी. ही सुरुवात समजायची, पुढे थोडं वर-खाली करावं लागतंच. पण सायकल बघायला जाताना हा आकडा खिशात असला की दुकानदाराने सीट अंदाजे लावून दिली असली तरी ती आधी नीट लावून घेता येते. चुकीच्या उंचीच्या सीटवर चक्कर मारून फ्रेमबद्दल काहीच कळत नाही.

फ्रेम कशाची आहे, हा प्रश्न या किमतीत फार ताणायचं कारण नाही. बहुतेक फ्रेम ॲल्युमिनियमच्या असतात, ६०६१ किंवा ७००५ मिश्रधातूच्या, आणि दोन्ही चांगल्या. स्टील असेल तर क्रोमोली आहे की साधं हाय-टेन्साइल हे विचारा; हाय-टेन्साइलची फ्रेम तेवढ्याच मजबुतीसाठी जड करावी लागते. पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा असेल तर काही शे ग्रॅम वाचतात. फ्रेममध्ये त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी बघाव्यात, ज्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतात किंवा नसतातच. एक, टायरला जागा किती. २५ मिमीचा टायर बसवून दिलेल्या फ्रेममध्ये २८ किंवा ३२ मिमीचा मावतो का? खराब रस्त्यावर या तीन ते सात मिलिमीटरचा आराम कार्बन फोर्कपेक्षा जास्त जाणवतो. दुसरी गोष्ट, मडगार्ड आणि कॅरियर लावायला भोकं आहेत का. रोज कामाला जायला सायकल वापरणार असाल तर ही भोकं नसणं पावसाळ्यात फार महाग पडतं.

आता मागच्या हबकडे येऊ. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण अगदी स्वस्त आणि नुसती स्वस्त यांच्यातली खरी सीमारेषा इथेच आहे, आणि ती चित्रात दिसत नाही.

मागच्या चाकावर दात्यांच्या चकत्या बसवायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत चकत्या आणि टकटक वाजणारी यंत्रणा मिळून एकच गठ्ठा असतो, फ्रीव्हील. तो हबवर आट्यांनी घट्ट बसतो. नव्या पद्धतीत ती यंत्रणा हबचाच भाग असते, तिला फ्रीहब म्हणतात, आणि तिच्यावर चकत्यांची कॅसेट सरकवून बसवतात. वापरताना दोन्ही सारख्याच वाटतात. फरक आत आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतं, त्यामुळे तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, बराच तुकडा आधाराशिवाय असतो. चकत्या जितक्या जास्त, तितका हा तुकडा लांब. तुळईखालचा खांब आत सरकवल्यावर बाहेरचं टोक जसं लवतं, तसं खड्ड्यांचे हादरे आणि चेनची ओढ सोसून एक्सल हळूहळू वाकतो. वाकलेल्या एक्सलचं चाक फिरताना मध्येच जड होतं, बेअरिंग खातं, आणि एखाद्या दिवशी एक्सल तुटतो. फ्रीहबमध्ये उजवं बेअरिंग थेट बाहेरच्या टोकाशी येतं, म्हणून हा त्रास जवळपास संपतो.

समोर उभी असलेली सायकल कुठल्या पद्धतीची आहे हे चाक न काढताही कळतं. मागचं चाक एका हाताने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवा. चकत्या मागे फिरतील. त्यांच्या मधोमध, एक्सलच्या भोवती, पान्यासाठी खाचा पाडलेली कडी दिसते. ती कडी चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरतात आणि कडी जागच्या जागी राहते, तर फ्रीव्हील. ७ गिअरच्या रोड बाइकवर बहुतेक वेळा फ्रीव्हील सापडेल. कधीतरी सपाट रस्त्यावर, हलक्या चणीच्या माणसाने चालवायची असेल तर ती वर्षानुवर्षं टिकतेही. पण नियमित लांब पल्ला मारायचा असेल, तर कॅसेट नसलेली रोड बाइक घेऊ नका, असंच मी स्पष्ट सांगेन.

हबचा संबंध पुढच्या सुधारणांशीही आहे. शिमानो या सायकलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट एकाच रुंदीच्या फ्रीहबवर बसतात. ११ गिअरचा रोड फ्रीहब त्याहून १.८५ मिमी रुंद असतो. म्हणजे आज ८ गिअर असलेल्या चाकावर उद्या ९ किंवा १० बसतील, पण ११ हवे असतील तर चाकही बदलावं लागू शकतं. उलट बाजूने अडचण नाही. ११ च्या चाकावर १.८५ मिमीची वॉशरसारखी चकती घालून जुन्या कॅसेट बसतात.

गिअरच्या नावांची उतरंड आता सांगतो. शिमानोच्या रोड बाइकच्या गिअर-ब्रेकच्या संचांत सगळ्यात खाली टुर्नी, मागे ७ गिअर. मग क्लॅरिस ८, सोरा ९, टिआग्रा १०, आणि त्यावर १०५, जो बरीच वर्षं ११ चा होता आणि आता १२ चाही मिळतो. टुर्नी आणि क्लॅरिस यांच्यातला फरक एका गिअरपुरता नाही. टुर्नीच्या रोड लिव्हरमध्ये एका दिशेचा गिअर टाकायला आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण असतं. हँडलच्या खालच्या बाकात हात असताना अंगठा तिथवर नीट पोचत नाही. क्लॅरिसमध्ये दोन्ही कामं ब्रेक लिव्हरजवळच्या पात्यांनी बोटांनीच होतात, अगदी वरच्या संचांसारखी. म्हणून क्लॅरिस ही माझ्या मते खरी पहिली पायरी. तिथून सोरा, टिआग्रा असं वर जाताना सफाई वाढते, दोन गिअरमधलं अंतर कमी होतं, पण ती उडी टुर्नी ते क्लॅरिस एवढी मोठी नाही. आणखी एक खुबी: संचाचं नाव मागच्या डिरेलरवरून, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेवरून, सांगितलं जातं, कारण गिऱ्हाईक तिथेच बघतं. क्रँक, चेन, ब्रेक आणि कॅसेट वेगळ्या, साध्या कंपन्यांचे असू शकतात. त्यात गैर काही नाही, पण सोराची सायकल म्हणताना किती पार्ट सोराचे आहेत ते मोजून घ्यावं.

गिअर किती यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका, हे महत्त्वाचं. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या ही आता सर्रास दिसणारी रचना. मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची असू शकते, ३२ ची किंवा ३४ ची. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. ३४ ला २८ जोडले की पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. ३४ ला ३४ जोडले की बरोबर २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे दमत चाललेल्या माणसाच्या. पहिल्या सायकलचा वेग होतो ताशी ९.२ किमी, दुसरीचा ७.५ च्या आसपास. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो असतील आणि चढ ८ टक्क्यांचा असेल, तर पहिल्या गिअरमध्ये साधारण १८० वॅट लावावे लागतात, दुसऱ्यात १५०. नव्या माणसासाठी १८० वॅट अर्धा तास टिकवणं म्हणजे छाती फुटायची वेळ. १५० वॅट जड असले तरी सरावाने आवाक्यात येतात. पहिल्या सायकलवर उतरून चालावं लागेल आणि दुसरीवर बसूनच घाट चढता येईल. हा फरक माहितीपत्रकावर फक्त ११-२८ आणि ११-३४ असा, मागच्या सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीच्या दात्यांत, दिसतो. मोठी कॅसेट नंतर टाकायची म्हटली तर डिरेलरची केज (चेन ताणून धरणारा खालचा सांगाडा) पुरेशी लांब लागते, म्हणून तो जास्तीत जास्त किती दात्यांची चकती घेतो ते आत्ताच विचारून ठेवा. उंच टोकाची काळजी करू नका. ५० ला ११ जोडून मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ५१ किमी वेग होतो, आणि तिथे कोण रोज जातं?

मग वजनाचं काय? याच चढावर सायकल एक किलोने हलकी असती तर वाचले असते साधारण दोन वॅट. तासाभराच्या घाटात साधारण ४० सेकंद. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सुरुवातीच्या सायकली बहुधा साडेनऊ ते अकरा किलोंच्या असतात. तो तीन-चार किलोंचा फरक शर्यतीतल्यांसाठी प्रचंड आहे, आपल्यासाठी तो पाण्याच्या बाटल्या, कुलूप आणि पोट यांत मिसळून जातो. त्यातही माहितीपत्रकातलं वजन बऱ्याचदा पेडल न लावता, लहान मापाच्या फ्रेमचं असतं.

याच्या शेजारी टायर ठेवून बघा. स्वस्त सायकलवरचे टायर जाड, कडक रबराचे आणि तारेच्या कडेचे असतात. असा टायर रस्त्यावर दबताना जास्त ताकद खातो. त्याचा लोळताना होणाऱ्या अडथळ्याचा (रोलिंग रेझिस्टन्सचा) गुणांक ०.००७ च्या आसपास असला आणि चांगल्या लवचिक टायरचा ०.००४, तर ८५ किलो वजनाला ताशी ३० किमीवर फरक पडतो साधारण २० वॅटचा. सपाट रस्त्यावर त्या वेगाला एकूण दीडशे-पावणेदोनशे वॅट लागतात, त्यातले २० नुसत्या टायरमुळे. दोन सायकलींमध्ये एक किलोभर हलकी सायकल घ्यायला जादा पैसे मोजण्याऐवजी साधी घेऊन टायर बदलले, तर वेगही जास्त मिळतो आणि अंगाला हादरेही कमी बसतात. हा हिशेब इतका सरळ असूनही दुकानात सायकल हाताने उचलून बघितली जाते, टायर कोणी चिमटीत दाबून बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्रेकच्या बाबतीत सावध राहायचं ते स्वस्त डिस्कपासून. डिस्क ब्रेक चांगलाच. पावसात तो भरवशाचा आणि रुंद टायरला जागा देणारा. पण या किमतीत तो केबलने चालणारा असतो आणि बऱ्याचदा त्यातलं एकच पॅड हलतं. वरून कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागात, बघत लिव्हर दाबा. बाहेरचं पॅड पुढे येऊन डिस्कला ढकलतं, डिस्क वाकून आतल्या स्थिर पॅडला टेकते, तेव्हा कुठे पकड लागते. पॅड झिजेल तसं आतलं पॅड पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर डिस्क जास्त वाकते आणि लिव्हर जास्त आत दाबावी लागते. दोन्ही पॅड हलणारे केबलचे डिस्क ब्रेक मिळतात आणि ते पुष्कळ बरे. साधा रिम ब्रेक हलका, कुठेही दुरुस्त होणारा, आणि चांगले रबर लावले तर कोरड्या रस्त्यावर पुरेसा. बहुतेक कोरड्यात चालवणाऱ्याने स्वस्त डिस्कपेक्षा चांगला रिम ब्रेक घ्यावा. मात्र चाकांच्या बाबतीत भविष्य डिस्कचं आहे. डिस्कची फ्रेम घेत असाल तर एक्सल थ्रू-एक्सल (फ्रेममध्ये आरपार जाऊन आट्यांनी बसणारा जाड दांडा) आहे की क्विक-रिलीज (खटक्याने आवळायचा बारीक दांडा) ते बघा. क्विक-रिलीजची डिस्क चाकं मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

सायकल हातात आल्यावर चक्कर मारण्याआधी चार जागी खेळ तपासायचा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, दुसरा हात हेडसेटवर, म्हणजे हँडलच्या नळीतल्या बेअरिंगपाशी, ठेवून. टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे. चाकाचा माथा धरून आडवा हलवा, मग क्रँक आडवा हलवा. शेवटी चाक फिरवून रिम आणि ब्रेकच्या रबरामधली फट बघा; फट कमी-जास्त होत असेल तर चाक आऊट आहे. नव्या सायकलीत हे सगळं सापडणं म्हणजे सायकल खराब असं नाही, बहुतेक वेळा ती घाईने जोडलेली असते. पण पैसे देण्याआधी आऊट काढून द्यायला सांगावं. स्पोक दोन-दोन करून चिमटीत दाबा. एकाच बाजूचे काही ताठ आणि काही ढिले लागले, तर ते चाक आऊट काढलं तरी पुन्हा जाणार.

चक्कर मारताना प्रत्येक गिअर एकदा टाका, तोही चढावर किंवा जोर लावून. स्टँडवर सगळेच गिअर पडतात. हँडलच्या बाकात हात ठेवून ब्रेक दाबा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ओढायची बाकी आहे. वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो का तेही बघा. लहान फ्रेमवर तो लागतो, त्यात फ्रेमचा दोष नसतो, पण गर्दीत हळू वळताना ते माहीत असलेलं बरं.

सायकल घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केबल बसतात, स्पोक सैलावतात आणि नीट पडणारे गिअर अडखळायला लागतात. यासाठीच पहिली सर्व्हिसिंग असते, ती टाळू नका. खर्च करायचाच झाला तर आधी टायर, मग ब्रेकचे रबर किंवा पॅड, आणि सीट टोचत असेल तर सीट. गिअरचा अख्खा संच बदलण्याच्या फंदात पडू नका. सुटे पार्ट घेऊन बदललेला संच पूर्ण सायकलीबरोबर आलेल्या संचापेक्षा नेहमीच महाग पडतो. त्याऐवजी एक साधी पट्टी जवळ ठेवा. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर १२ इंच भरतात. त्या इंचाच्या सोळाव्या भागाने वाढल्या की चेन अर्ध्या टक्क्याने लांबली, नवी घ्यायची वेळ जवळ आली. तेव्हा बदलली तर तीच कॅसेट आणखी दोन-तीन चेन सहज काढते. तशीच रेटली तर जुन्या कॅसेटवर नवी चेन उड्या मारते आणि दोन्ही एकदम घ्यावे लागतात.